क्विक फॉरमॅटसमोरची खूण

कॉलेजात त्यांना सगळे कोरेकाका म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. कॉम्प्युटर लॅब सांभाळणारा हा माणूस कुणाच्याही हातात डिस्क द्यायची तर ती कोरी करकरीत करूनच देई, म्हणून कोरेकाका. पोरांनी हे नाव चेष्टेत पाडलं. पुढे खुद्द प्राचार्यबाई भर सभेत "कोरेकाकांना बोलवा" म्हणाल्या, तेव्हा त्यांनीही ते मुकाट्यानं पत्करलं.

माणूस नाकासमोर चालणारा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला एकच पेन, बोलणं मोजकं आणि तेही बहुतेक कॉम्प्युटरविषयी. तळमजल्याच्या टोकाची लांबट खोली म्हणजे त्यांची लॅब. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवून लावली होती: चपला बाहेर, पाणी बाहेर, अक्कल आत. पोरं पाटी वाचून हसत आणि चपला घालूनच आत शिरत. मग काका नुसते त्यांच्या पायांकडे बघत राहत. पोरगं आपोआप मागं फिरे.

प्रत्येक सत्राच्या शेवटी, प्रकल्पासाठी वाटलेल्या डिस्का परत येत. त्यांत प्रकल्प सोडून सगळं सापडे. सिनेमे, गाणी, सहलीचे फोटो, कुणाच्या प्रेमपत्राचे कच्चे मसुदे, आणि या सगळ्यांवर ताव मारत बसलेले व्हायरस. काका एकेक डिस्क जोडत, पुसत, नवं नाव देत आणि कपाटात रचून ठेवत. या कामासाठी विकतची सॉफ्टवेअरं घेऊन विक्रेते यायचे. काका त्यांना दाराबाहेरच चहा पाजत आणि बाहेरूनच वाटेला लावत. "कॉम्प्युटर जन्मतःच जी हत्यारं घेऊन येतो ना, त्यांत माझं भागतं," असं ते म्हणत आणि ते खरंही होतं. डिस्क मॅनेजमेंटची ती करडी खिडकी उघडली की कुठली डिस्क धड आहे, कुठली कुरकुरतेय, कुठल्या डिस्कचे तुकडे पाडायचे आणि कुठले परत जोडायचे, हे त्यांना त्यातल्या निळ्या-काळ्या पट्ट्यांवरून कळे. नव्या पोरांना ते सांगत, "कॉम्प्युटर डिस्कला जे अक्षर देतो त्यावर जाऊ नका. आज ई आहे, उद्या एफ होईल. आकार बघा, नाव वाचा, मग हात लावा."

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. डिस्क फॉरमॅट करायला घेतली की समोर एक छोटी चौकट येते. तिच्या तळाशी एक बारीकशी ओळ असते, क्विक फॉरमॅट. त्या ओळीसमोर कॉम्प्युटरनं आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली असते. तुम्ही-आम्ही ती तशीच राहू देतो आणि काम चुटकीसरशी होतं. कोरेकाका ती खूण काढत. नेहमी, न चुकता.

त्याला कारण होतं. नोकरी नवी असताना त्यांनी प्रश्नपत्रिकेची एक डिस्क अशीच झटपट फॉरमॅट करून एका वर्गाला दिली होती. झटपट फॉरमॅट म्हणजे घराच्या दारावरची पाटी तेवढी काढायची, सामान आत तसंच. एका हुशार कार्ट्यानं ते सामान अलगद बाहेर काढलं, सगळ्या वर्गात वाटलं, परीक्षा परत घ्यावी लागली. काकांना सगळ्यांदेखत उभं करून जे ऐकवलं गेलं ते त्यांनी घरी बायकोलाही कधी पुरतं सांगितलं नाही. त्यांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून पूर्ण फॉरमॅट. ते रखडत चालतं, डिस्कच्या कानाकोपऱ्यात जातं, जिथं जिथं काही लिहिलेलं असेल तिथं शून्य लिहितं आणि मागं काही म्हणजे काही ठेवत नाही. कुणी घाई केलीच तर काका म्हणत, "नुसताच झाडू फिरवायचा असेल तर तुम्ही फिरवा. मला पुसायला सांगितलंय." इतक्या वर्षांत त्यांनी पुसलेलं कुणाला परत काढता आलं नव्हतं. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

घरी त्यांना एकच मुलगी. कागदोपत्री तिचं नाव काहीही असो, घरात ती बबडी. लहानपणी शाळा सुटली की ती लॅबमध्ये येऊन बसे आणि बापाला विचारून विचारून बेजार करी. मोठी झाली तशी आवाजाच्या कामात शिरली. मुलांसाठी ऐकायचे धडे तयार करणाऱ्या एका कंपनीत ती वाचायची, रेकॉर्ड करायची, त्यातले खोकले-खाकरे काढून टाकायची. कंपनीनं तिला एक चंदेरी लॅपटॉप दिला होता, वेगळ्याच घराण्यातला. त्याच्यावर भरलेली डिस्क काकांच्या कॉम्प्युटरला वाचता येत नसे. बापलेकीची त्यावरून लुटुपुटीची भांडणं चालत.

"तुझ्या त्या चकचकीत डब्याचं आमच्याशी जमत नाही," काका म्हणत.

"बाबा, तुमच्याच डब्याला माझी भाषा येत नाही. आणि येत नाही तर गप्प बसावं ना? लगेच विचारतो, पुसून टाकू का?"

बबडीचं म्हणणं खरंच होतं. ओळखीची नसलेली डिस्क लावली की त्यांचा कॉम्प्युटर तडक सांगे, ही वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? अशा वेळी नको म्हणायचं असतं, हे काकांइतकं कुणाला ठाऊक असणार?

बबडीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, आणि मुलगी दोन वर्षांची व्हायच्या आत बबडी आजारी पडली. लांबण लावत नाही. उपचार झाले, केस गेले, केस परत आले, आणि ती गेली.

जाण्याआधीच्या काही महिन्यांत, अंगात बळ असेल त्या दिवशी, ती लेकीच्या फळीवरची चित्रांची पुस्तकं एकेक करून मोठ्यानं वाचत बसे आणि ते रेकॉर्ड करून ठेवी. मांजराचं पुस्तक, हरवलेल्या मोज्याचं पुस्तक, चंद्राला सर्दी होते ते पुस्तक. सगळी फळी तिनं वाचून काढली. नवऱ्याला तिनं सांगून ठेवलं होतं, "छोटी मला शोधायला लागली की लाव. त्याआधी नको, तिला कळायचं नाही." ती गेल्यावर कंपनीनं लॅपटॉप परत नेला आणि रीतीप्रमाणे पुसून दुसऱ्या कुणाला तरी दिला. मागं राहिली एक छोटी काळी डिस्क. त्यात बबडीचा आवाज होता आणि तो जगात दुसरीकडे कुठंही नव्हता.

जावई ती डिस्क रुमालात गुंडाळून काकांच्या घरी घेऊन आला. हा मुलगा फारसा बोलणारा नव्हता आणि बायको गेल्यापासून तर त्याच्या तोंडून शब्द ओढून काढावे लागत.

"छोटी आता रोज विचारते, बाबा. आई कुठे बसून वाचते, म्हणते." तो खाली बघत होता. "पण ही डिस्क जुनी झालीय. कधी बंद पडेल सांगता येत नाही. मी अजून उघडूनसुद्धा बघितली नाही, धीर होत नाही. तुम्ही हिच्या दोन प्रती करून द्या. रविवारी मी तिला घेऊन येतो, इथंच ऐकवू."

"दोन कशाला, तीन करतो," काका म्हणाले. लेक गेल्यापासून तिच्यासाठी करण्यासारखं काहीतरी पहिल्यांदाच हाताशी आलं होतं. त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली, असं त्यांची बायको पुढं सांगे.

त्यांनी बेत नीट आखला होता. चित्रकला विभागात बबडीच्या लॅपटॉपच्या घराण्यातला एक कॉम्प्युटर होता. तो दुपारी वापरायची परवानगी त्यांनी काढून ठेवली. त्याआधी स्वतःच्या कॉम्प्युटरला डिस्क जोडून तिचा आकार तेवढा बघायचा, म्हणजे प्रतींसाठी त्या मापाच्या डिस्का कपाटातून काढता येतील. कॉम्प्युटर फॉरमॅट करू का विचारेल, त्याला नको म्हणायचं. एवढंच.

पण ते दिवस सत्रअखेरचे होते. टेबलावर परत आलेल्या डिस्कांचा ढीग पडला होता आणि सकाळपासून काकांचे हात त्याच कामात होते. डिस्क जोडायची, करू का, हो, खूण काढायची, सुरू, सगळं पुसलं जाईल बरं का, हो. पुन्हा पुढची. हे सगळं करताना मान वर करावी लागत नाही, डोकं तर अजिबात लागत नाही. जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी ढीग बाजूला सारला, पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून बबडीची डिस्क काढली आणि जोडली.

तेवढ्यात शिपाई दारात आला. पाटीला मान देऊन तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"काका, बाईंनी बोलवलंय. सगळे जमलेत, तुमच्यासाठीच थांबलेत."

"कसली सभा?"

"जुन्या सामानाची. काय ठेवायचं, काय काढायचं."

"आत्ताच?"

"आत्ताच म्हणाल्या."

काका शिपायाकडे बघत बोलत होते. हात माउसवर होता. कॉम्प्युटरनं विचारलं आणि हातानं हो म्हटलं. चौकट आली, हातानं खूण काढली. इशारा आला, हातानं त्यालाही हो म्हटलं. मग काका उठले, खुर्ची आत सरकवली, दार ओढून घेतलं आणि शिपायामागून जिना चढून गेले.

सभा लांबली. कुठलं टेबल मोडीत काढायचं यावर दोन प्राध्यापकांची जुंपली. चहा आला, परत आला. काका कोपऱ्यात बसून मनातल्या मनात बबडीच्या डिस्कला कपाटातली कुठली डिस्क बसेल याचा विचार करत होते. माणसाचं मन किती बेइमान असतं बघा, हातानं काय केलंय याचा त्याला पत्ताही नव्हता.

खाली आले तेव्हा पडद्यावर निरोप होता, फॉरमॅट पूर्ण झालं. काकांनी सवयीनं तो बंद केला आणि पुसून झालेली डिस्क काढून ठेवायला हात पुढं केला. डिस्कच्या पाठीवर मांजराचा एक स्टिकर होता, अर्धवट सोललेला. कॉलेजच्या डिस्कांवर स्टिकर नसतात. काका त्या मांजराकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलावरचा मोकळा रुमाल पाहिला.

त्यांनी डिस्क उघडली. रिकामी. डिस्क मॅनेजमेंट उघडलं. निळी पट्टी, नीटस, एकसंध, वर लिहिलेलं की डिस्क सुस्थितीत आहे. त्यांनी ती पुन्हा काढली, पुन्हा लावली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, जणू यांतल्या एखाद्याला दया येईल. आपण खूण काढली होती का हे ते आठवायचा प्रयत्न करत होते. आठवत नव्हतं. पण झटपट फॉरमॅट असतं तर ते शिपाई दारात उभा असतानाच संपलं असतं, आणि खूण ठेवण्याची त्यांच्या हाताला सवयच नव्हती. ते खुर्चीत बसले. लॅबमध्ये पोरं आली, त्यांनी काहीतरी विचारलं, काकांनी उत्तरही दिलं म्हणे. चपलांकडे मात्र बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले. तिथं एका दुकानाच्या वरच्या खोलीत मोडलेल्या, जळलेल्या, पाण्यात पडलेल्या डिस्कांतून लोकांचं हरवलेलं काढून देणारा एक कारागीर बसे. काकांची त्याची जुनी ओळख होती. काकांनी डिस्क पुढं ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. कुणाची डिस्क हेही सांगितलं.

"काढू की," कारागीर म्हणाला. "फॉरमॅटचं काय एवढं. रोजच येतात. क्विकच ना?"

काकांनी डिस्क त्याच्याकडे आणखी थोडी सरकवली.

कारागिरानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "काका, खूण काढली होती?"

"मी कधी ठेवतो का?"

तरीही त्यानं डिस्क ठेवून घेतली. बिचाऱ्यानं जंग जंग पछाडलं. शुक्रवारी फोन न करता तो स्वतः लॅबच्या दाराशी आला आणि डिस्क काकांच्या हातात दिली. "शून्याखेरीज काही नाही," तो म्हणाला. "तुमच्या हातचं काम आहे काका, त्यात मागं काय राहणार?" हे तो आदरानं बोलून गेला. मग काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो तसाच खालच्या मानेनं निघून गेला.

बायकोला सांगणं भाग होतं. तिनं ऐकलं, हातातलं काम ठेवलं, पदराला हात पुसले.

"एकही नाही?"

"एकही नाही."

ती रडेल, ओरडेल, निदान काहीतरी लागेल असं बोलेल, याची ते वाट बघत होते. तसं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"मी ऐकलं होतं हो एकदा, दाराआडून," ती म्हणाली. "वाचता वाचता तिला मधेच ढास लागायची. मग थांबायची, पाणी प्यायची आणि तेच पान पहिल्यापासून वाचायची. हसून वाचायची."

"कुठलं पुस्तक होतं?"

तिनं आठवून बघितलं. "नाही लक्षात. नीट ऐकलंच नाही मी. मला वाटलं, आता काय, भरून ठेवतेय ना ती, कधीही ऐकता येईल." एवढं बोलून तिनं पदर तोंडाशी धरला.

रविवार आला. जावई छोटीला घेऊन आला. आता ती चार वर्षांची होती आणि तिच्या पाठीवर एक फुगलेली पिशवी होती. तिनं चपला दारात काढल्या, आजीला पिशवी उघडून दाखवली. फळीवरची होती नव्हती तेवढी पुस्तकं तिनं भरून आणली होती. बाबांनी सांगितलं होतं, आज आजोबा आई लावणार. ती थेट कॉम्प्युटरच्या टेबलापाशी गेली, खुर्चीवर चढली आणि पुस्तकं मांडून बसली.

काकांनी जावयाला आतल्या खोलीत नेलं. त्यांनी कसलंच पांघरूण घातलं नाही. शिपायाला दोष दिला नाही, सभेला दिला नाही. "डिस्क मी पुसली," ते म्हणाले, "माझ्या हातानं, आणि ती परत येण्यासारखी नाही." जावई भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

मग तो म्हणाला, "प्रती मी स्वतःच करणार होतो, बाबा. ऑफिसात होता एकाकडे तसला कॉम्प्युटर."

"मग?"

"तिनंच नको म्हणून सांगितलं होतं. म्हणाली, तू घाईत काहीतरी भलतंच दाबशील. बाबांकडे दे. त्यांच्या हातून चूक होत नाही."

काकांनी कॉटची कड धरली. काकांना ते लागावं म्हणून जावई बोलला नव्हता. त्याला दुसरं काही सुचलंच नव्हतं. तो पुढं झाला, त्यानं काकांना धरून खाली बसवलं, आणि दोघं पुरुष तोंडातून आवाज न काढता रडले.

"आजोबा, लावा ना," बाहेरून हाक आली.

"मी सांगतो तिला," जावई उठत म्हणाला.

"नको. मला सांगू द्या."

काका बाहेर आले. खुर्चीशेजारी खाली बसले, म्हणजे त्यांचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. छोटीच्या मांडीवर एक पुस्तक उघडं होतं, पहिलं पान.

"आईनं तुझ्यासाठी वाचून ठेवलं होतं ना," काका म्हणाले, "ते माझ्याकडून पुसलं गेलं."

"मग परत भरा."

"ते परत भरता येत नाही."

"का?"

आयुष्यभर ज्या माणसानं शेकडो पोरांना हेच समजावून सांगितलं होतं, त्याला एक वाक्य जुळवता येईना. "आई भरत होती. आता ती नाही भरू शकत," एवढं त्यांनी कसंबसं म्हटलं.

छोटीनं विचार केला. "तुम्ही मुद्दाम पुसलंत?"

"नाही गं."

"चुकून?"

"चुकून."

"चुकून झालं तर सॉरी म्हणायचं असतं."

"सॉरी, बाळा."

तिनं मान हलवली. ती रागावली नव्हती, आजोबांना कळलं नाही म्हणून समजावत होती. "मला नाही. आईचं होतं ना ते? आईला म्हणा."

आजी दारात उभी होती, जावई तिच्यामागं. छोटी आजोबांकडे टक लावून बघत होती. ते म्हणेपर्यंत ती बघतच राहणार होती. "बबडे," काकांनी हाक मारली.